रमा–माधव (साहित्य व नाट्यातील दांपत्यचित्रण)

रमा–माधव हे मराठी ऐतिहासिक साहित्य, रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट यांतून सातत्याने रंगविले गेलेले दांपत्य होय. मराठा साम्राज्याचे पेशवे थोरले माधवराव (1745–1772) आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या सहजीवनावर हे चित्रण आधारलेले आहे. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (1861) हे नाटक, रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (1962) ही कादंबरी, तिच्यावर आधारित त्याच नावाची दूरदर्शन मालिका (1987), मृणाल कुलकर्णी दिग्दर्शित ‘रमा माधव’ (2014) हा चित्रपट आणि कलर्स मराठी वाहिनीवरील ‘स्वामिनी’ (2019–2020) ही मालिका या त्यांतील प्रमुख कलाकृती होत. पती-पत्नींमधील विश्वास आणि मनातील गोष्ट एकमेकांपासून न लपविण्याची वृत्ती हा या परंपरेचा मध्यवर्ती विषय आहे. रमाबाईंच्या सहगमनामुळे हाच विषय आधुनिक वाचकाच्या दृष्टीने वादाचाही ठरला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली. तीत सदाशिवरावभाऊ आणि पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव मारले गेले. या आघातातून नानासाहेब पेशवे सावरले नाहीत व त्याच वर्षी जून महिन्यात पुण्यात पर्वतीवर त्यांचे निधन झाले. त्यानंतर नानासाहेबांचे दुसरे पुत्र माधवराव यांना वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळाली. रमाबाईंशी त्यांचा विवाह तत्कालीन रीतीप्रमाणे बालवयातच झालेला होता.

माधवरावांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीचा मोठा भाग घरातील कलह आणि बाहेरील मोहिमा यांत गेला. चुलते रघुनाथराव यांच्याशी त्यांचे वितुष्ट आले. 1762 मध्ये आळेगाव येथे माधवरावांनी माघार घेऊन स्वतःस चुलत्यांच्या स्वाधीन केले. पुढील वर्षी, 10 ऑगस्ट 1763 रोजी, राक्षसभुवन येथे निजामाचा पराभव झाल्यावर त्यांचा अधिकार दृढ झाला. 1768 मध्ये धोडपच्या लढाईनंतर रघुनाथराव कैद झाले व त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. नागपूरकर जानोजी भोसले यांच्याशी झालेल्या संघर्षात पेशव्यांच्या फौजा वऱ्हाड व नागपूर प्रांतात शिरल्या. 1769 मध्ये कनकापूरच्या तहाने तो संघर्ष मिटला. कर्नाटकात हैदरअलीविरुद्ध वारंवार मोहिमा कराव्या लागल्या. त्यांपैकी अखेरच्या मोहिमेतून प्रकृती ढासळल्यामुळे माधवरावांना परतावे लागले व मोहिमेची सूत्रे त्र्यंबकराव पेठे यांच्याकडे सोपविण्यात आली.

माधवरावांना राजयक्ष्मा, म्हणजे क्षयरोग, झाला होता. 18 नोव्हेंबर 1772 रोजी पुण्याजवळील थेऊर येथे, अष्टविनायकांपैकी चिंतामणीच्या सान्निध्यात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. या दांपत्यास अपत्य नव्हते. थेऊर येथे मुळा-मुठा नदीच्या काठी त्यांचे स्मारक आहे.

पेशवेकालीन कागदपत्रांचा मुख्य विषय राज्यकारभार, मोहिमा, वसूल आणि राजकारण हा आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली 1930 नंतर प्रसिद्ध झालेल्या ‘पेशवे दप्तरा’च्या 45 खंडांतही प्राधान्य याच विषयांना आहे. पती-पत्नींच्या एकांतातील बोलणे दप्तरात नोंदले जाण्याचे कारण नव्हते. त्यामुळे रमा–माधवांच्या सहजीवनाची बाह्य चौकट इतिहासाने दिलेली असली, तरी तिच्यातील संवाद व भावजीवन ही बहुतांशी लेखकांची निर्मिती आहे.

कीर्तने यांचे नाटक

‘थोरले माधवराव पेशवे’ हे मराठीतील पहिले स्वतंत्र ऐतिहासिक नाटक मानले जाते. ते प्रसिद्ध झाले तेव्हा विनायक जनार्दन कीर्तने (1840–1891) यांचे वय एकवीस वर्षांच्या आसपास होते. त्यापूर्वीची मराठी रंगभूमी प्रामुख्याने पौराणिक होती. विष्णुदास भावे यांच्या 1843 मधील ‘सीतास्वयंवरा’पासून सुरू झालेल्या त्या नाटकांत सूत्रधाराची पदे कथा पुढे नेत आणि पात्रांची भाषणे बहुधा आयत्या वेळी रचली जात. कीर्तने यांनी पात्रांची भाषणे आधीच लिहून काढली. पती-पत्नींमधील विश्वासाच्या चित्रणासाठी हा बदल महत्त्वाचा ठरला. आयत्या वेळच्या भाषणात वीररस आणि विनोद साधता येत असे. परंतु अर्धवट बोलणे, अडखळणे, एखादी गोष्ट टाळून दुसरीच सांगणे अशा सूक्ष्म छटांसाठी लिखित संवादाची आवश्यकता असते.

नाटकाचा शेवट माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचे सहगमन यांनी होतो. सुखान्ताची सवय असलेल्या रंगभूमीवर हा शोकान्त नवा होता. पेशवाई संपून त्या वेळी केवळ 43 वर्षे झाली होती आणि सतीच्या चालीवर इंग्रजी अंमलात बंदी येऊन सुमारे तीन दशके लोटली होती. प्रेक्षकांतील वृद्धांच्या आठवणीतील जग रंगभूमीवर उभे राहत होते. स्त्रीभूमिका त्या काळी पुरुष नट करीत असत, ही गोष्टही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

‘स्वामी’ आणि नंतरच्या कलाकृती

रमा–माधव ही जोडी मराठी वाचकाच्या मनात रुजली ती मुख्यतः रणजित देसाई (1928–1992) यांच्या ‘स्वामी’मुळे. 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पानिपतच्या पराभवाने खचलेल्या राज्याची धुरा एका पोरसवदा पेशव्याच्या खांद्यावर येते, येथून थेऊरच्या चितेपर्यंत तिचा पट पसरलेला आहे. राज्यकारभाराची कथा आणि दांपत्याची कथा अशा दोन धारा तिच्यात एकमेकींत मिसळतात. शीर्षकातील ‘स्वामी’ या शब्दाला त्यामुळे दुहेरी अर्थ प्राप्त होतो. राज्याचा धनी तो स्वामी आणि पतीही स्वामीच.

या कादंबरीवर आधारित मालिका 1987 मध्ये दूरदर्शनवर प्रसारित झाली. तिचे दिग्दर्शन गजानन जागीरदार यांनी केले होते. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘रामशास्त्री’ (1944) या चित्रपटात रामशास्त्री प्रभुणे यांची भूमिका त्यांनीच केली होती आणि त्या चित्रपटाच्या दिग्दर्शनाशीही त्यांचे नाव निगडित आहे. मालिकेत माधवरावांची भूमिका रवींद्र मंकणी यांनी, तर रमाबाईंची भूमिका मृणाल देव (नंतरच्या मृणाल कुलकर्णी) यांनी केली. पुढे मृणाल कुलकर्णी यांनी ‘रमा माधव’ हा चित्रपट दिग्दर्शित केला व त्यात गोपिकाबाईंची भूमिका केली. त्या चित्रपटात आलोक राजवाडे व पर्ण पेठे यांनी माधवराव व रमाबाई साकारले, तर रवींद्र मंकणी नानासाहेब पेशव्यांच्या भूमिकेत दिसले. ‘स्वामिनी’ या मालिकेने रमाबाईंच्या बालपणापासून कथा सांगितली आणि पेशव्यांच्या घरात आलेल्या लहान मुलीच्या नजरेला केंद्रस्थान दिले. कीर्तने यांच्या नाटकाचे नाव केवळ पतीचे, देसाई यांच्या कादंबरीचे शीर्षक पतीचे बिरुद, चित्रपटाचे नाव दोघांचे आणि अखेरच्या मालिकेचे नाव पत्नीचे, असा हा नावांचा क्रम कथेचा केंद्रबिंदू कसा सरकत गेला हे दर्शवितो.

विश्वासाचे स्वरूप

या परंपरेत पती-पत्नींमधील विश्वास प्रामुख्याने चार अंगांनी व्यक्त होतो.

पहिले अंग एकांताचे आहे. पेशव्यांचा वाडा हे घरही होते आणि राज्याचे मुख्य कार्यालयही. कारभारी, सरदार, आश्रित, नातलग यांचा तेथे सतत वावर असे. उच्चारलेला प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या कानी जाण्याची शक्यता होती. चुलता प्रतिस्पर्धी आणि आई स्वतःच्या मतांचा आग्रह धरणारी, अशा घरात ज्या व्यक्तीचा स्वतःचा कोणताही पक्ष नाही अशी एकच व्यक्ती उरते, ती म्हणजे पत्नी. लेखकांनी रमाबाईंना हे स्थान दिले आहे. दरबारात कठोर निर्णय घेणारा पेशवा आपली शंका, थकवा आणि भीती तिच्यापाशी व्यक्त करू शकतो.

दुसरे अंग कुटुंबातील निष्ठांच्या संघर्षाचे आहे. न्यायाच्या बाबतीत माधवराव आप्तांचीही गय करीत नसत, अशी त्यांची ख्याती आहे. गोपिकाबाईंनी पुणे सोडून नाशिकजवळील गंगापूर येथे वास्तव्य केले, यामागे आई-मुलातील मतभेद होते असे सांगितले जाते. अशा प्रसंगी सासू आणि पती यांच्यामध्ये सुनेची स्थिती अवघड होते. पतीची बाजू घ्यावी तर मर्यादाभंग होतो. गप्प राहावे तर तो एकाकी पडतो. विश्वास म्हणजे प्रत्येक वेळी होकार देणे नव्हे, ही जाणीव या प्रसंगांतून व्यक्त होते. पत्नीने आपली व्यथा सांगणे आणि पतीने ती राजकारणातील अडथळा न मानता ऐकून घेणे, हे दोन्ही तितकेच महत्त्वाचे ठरते.

तिसरे अंग विरहाचे आहे. मोहिमा बहुधा दसऱ्यानंतर निघत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतत. वर्षातील अनेक महिने पती दूर असे. पत्र लेखनिकाच्या हातून लिहिले जाई व अनेकांच्या हातांतून प्रवास करी. त्यामुळे मनातले सगळे पत्रात लिहिणे शक्य नव्हते. भेटीच्या मोजक्या दिवसांत किती बोलावे आणि किती राखून ठेवावे, हा प्रश्न कथेत पुन्हा पुन्हा डोकावतो.

चौथे अंग आजाराचे आहे. क्षयावर त्या काळी खात्रीचा उपाय नव्हता. राज्यकर्त्याचा आजार ही राजकीय बाबही होती. त्याची वार्ता फुटली तर शत्रू सावध होत आणि घरातील प्रतिस्पर्धी पुढील बेत आखू लागत. त्यामुळे आजार लपविण्यास राजकीय कारण होते. पत्नीपासून तो लपविणे मात्र विश्वासाला तडा देणारे होते. आपल्या माणसाला दुःख होऊ नये म्हणून सत्य दडवावे, की त्याचा हक्क मानून ते सांगावे, हा पेच रमा–माधवांच्या कथेतील सर्वांत उत्कट भाग आहे. रोग शरीरावर दिसू लागल्यावर न सांगताही सारे कळते. अशा वेळी उरते ते दोघांनीही कळल्याचे मान्य करणे. थेऊरच्या अखेरच्या पर्वाचे गांभीर्य त्यातूनच निर्माण होते.

भाषा आणि संबोधन

पेशवाईच्या काळात पत्नी पतीचे नाव घेत नसे. नाव घेण्याची संधी उखाण्यापुरती मर्यादित होती. पतीविषयी बोलताना ‘इकडची स्वारी’, ‘इकडून’ असे शब्द वापरले जात आणि ‘आपण आलात’ याऐवजी ‘इकडून येणे झाले’ अशी कर्ता दडविणारी वाक्यरचना केली जाई. ऐतिहासिक कादंबरीकारांनी व नाटककारांनी या भाषेचा भरपूर उपयोग केला आहे.

या रचनेत एक विरोधाभास आहे. समोरच्या माणसाला सरळ संबोधण्याची सोय नसलेल्या भाषेत मनातली सरळ गोष्ट सांगायची असते. त्यामुळे भावना प्रश्नातून, आर्जवातून, रुसव्यातून किंवा ताटावर केलेल्या आग्रहातून व्यक्त होतात. आधुनिक प्रेक्षकास हे केवळ आदराचे वळण वाटते. प्रत्यक्षात पात्र हे वळण मोडून एखादे वाक्य थेट बोलते तेव्हा त्या वाक्याचे वजन अनेक पटींनी वाढते. दूरचित्रवाणी मालिकेत चेहरा जवळून दाखविता येत असल्याने न उच्चारलेले शब्दही पोहोचविणे शक्य झाले. रंगभूमीवर हे काम स्वगतास करावे लागे.

इतर दांपत्यांशी तुलना

रमा–माधवांच्या चित्रणाला उठाव येतो तो त्याच घराण्यातील अन्य जोडप्यांच्या पार्श्वभूमीवर.

रघुनाथराव आणि आनंदीबाई हे दांपत्य मराठी नाटकात विश्वासाच्या विकृत रूपाचे उदाहरण म्हणून येते. माधवरावांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात खून झाला. पतीच्या पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे. तिला निर्णायक ऐतिहासिक आधार नाही. तथापि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिच्यातून भाषेत रूढ झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ (1909) हे नाटक याच काळावर आहे. येथे पती-पत्नी एकमेकांच्या महत्त्वाकांक्षेचे भागीदार आहेत. परंतु एकमेकांच्या विवेकाचे राखणदार नाहीत.

बाजीराव, काशीबाई आणि मस्तानी यांच्या कथेत प्रश्न वेगळा आहे. ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ (1972) या कादंबरीत आणि तिच्यावर आधारलेल्या ‘बाजीराव मस्तानी’ (2015) या हिंदी चित्रपटात एका पुरुषाचे प्रामाणिक प्रेम दुसऱ्या स्त्रीच्या विश्वासावर घाव घालते. खरे बोलल्याने सर्व काही सुरळीत होत नाही, हे त्या कथेवरून स्पष्ट होते.

सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांची कथा आणखी निराळी आहे. पानिपतच्या स्वारीत त्या पतीबरोबर होत्या. पतीच्या मृत्यूची वार्ता त्यांनी मान्य केली नाही व पुढील आयुष्य सौभाग्यवतीप्रमाणेच व्यतीत केले. भाऊसाहेब म्हणून एक तोतया पुढे आल्यामुळे त्यांची ही श्रद्धा राजकारणाचा विषय बनली. नरसिंह चिंतामण केळकर यांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच घटनेवर आधारलेले आहे.

इतिहासाच्या चौकटीबाहेर गोविंद बल्लाळ देवल यांनी हाच विषय दोन टोकांना नेला. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून रचलेल्या ‘झुंझारराव’ (1890) मध्ये संशयाचा शेवट पत्नीच्या हत्येत होतो. ‘संशयकल्लोळ’मध्ये फाल्गुनराव व कृत्तिका यांचा परस्परांवरील संशय हास्याचा विषय होतो. दोन्ही नाटकांतील दोष एकच आहे. पती-पत्नी एकमेकांना विचारण्याऐवजी तिऱ्हाइताच्या शब्दावर किंवा एखाद्या वस्तूच्या पुराव्यावर विश्वास ठेवतात. रमा–माधवांच्या चित्रणात तिऱ्हाइतांची उणीव नाही. तथापि त्यांना दोघांच्या मध्ये जागा मिळत नाही.

सहगमनाचा प्रश्न

रमाबाईंचे सहगमन हा या कथेचा इतिहासाने दिलेला शेवट आहे आणि तोच तिच्या आकलनातील सर्वांत कठीण भाग आहे. पारंपरिक दृष्टीने सहगमन ही निष्ठेची परिसीमा मानली गेली व रमाबाईंना त्यामुळे पूज्यता लाभली. आधुनिक दृष्टीने त्यात धर्म, प्रतिष्ठा आणि विधवेच्या वाट्यास येणारे जीवन यांचा दबाव पाहिला जातो. ज्या समाजात पतीनंतर जगण्याचा मार्ग स्त्रीसाठी अत्यंत संकुचित होता, त्या समाजातील तिचा निर्णय पूर्णतः स्वेच्छेचा मानता येईल का, असा हा प्रश्न आहे.

या संदर्भात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक म्हणजे पेशवे घराण्यात सहगमन हा सार्वत्रिक नियम नव्हता. बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी राधाबाई, बाजीरावांच्या पत्नी काशीबाई आणि नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई या तिघीही पतीच्या निधनानंतर दीर्घकाळ हयात होत्या. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई खुनाच्या वेळी गरोदर होत्या व 1774 मध्ये त्यांच्या पोटी सवाई माधवरावांचा जन्म झाला. या सर्वांच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेतलेली नाही. म्हणजेच निष्ठा आणि सहगमन यांचे समीकरण त्या काळीही अपरिहार्य नव्हते.

दुसरी गोष्ट कायद्याची. ‘स्वामी’ मालिका प्रसारित झाली त्याच 1987 साली राजस्थानातील देवराळा येथे रूपकंवर या तरुणीच्या सतीची घटना घडली आणि तिच्यानंतर सतीप्रतिबंधक कायदा संमत झाला. सतीच्या उदात्तीकरणासही या कायद्याने बंदी आहे. ऐतिहासिक सत्य दाखविणे आणि त्याचा गौरव करणे यांतील सीमारेषा ओळखण्याची जबाबदारी त्यामुळे नंतरच्या कलावंतांवर अधिक स्पष्टपणे आली.

मूल्यमापन

रमा–माधवांच्या चित्रणाविषयी मुख्य आक्षेप दोन आहेत. पहिला आक्षेप आदर्शीकरणाचा आहे. दोघांनाही दोषरहित दाखविल्याने माणसे मागे पडतात व मूर्ती उरतात, असे म्हटले जाते. दुसरा आक्षेप असमानतेचा आहे. एकाकडे राज्य, सैन्य आणि निर्णयाचा अधिकार. दुसरीकडे अंतःपुर, व्रतवैकल्ये आणि प्रतीक्षा. अशा विषम नात्यात पत्नीचा विश्वास हा गुण आहे की तिच्यापुढील एकमेव मार्ग, असा प्रश्न उपस्थित होतो. पतीने मन मोकळे केले तर तो त्याचा मोठेपणा ठरतो आणि पत्नीने मन मोकळे केले तर तिला मर्यादेची आठवण करून दिली जाते, ही विषमता काही प्रसंगांत जाणवते.

या आक्षेपांत तथ्य असले, तरी या परंपरेचे एक कार्य मान्य करावे लागते. राज्यकर्त्याच्या पराक्रमापुरती मर्यादित असलेली ऐतिहासिक कथा तिने घराच्या आतील दालनापर्यंत नेली. लढाईतील जयापजयाइतकेच आपल्या माणसाजवळ खरे बोलता येणे हेही धैर्याचे काम आहे, ही कल्पना तिने मराठी वाचकांत रुजविली. इतिहासाचा विद्यार्थी या कलाकृतींकडे पुरावा म्हणून पाहू शकत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यास मात्र त्यांतून 1861 पासून 2020 पर्यंतच्या मराठी समाजाने दांपत्यजीवनाकडून कोणत्या अपेक्षा बाळगल्या आणि त्या कशा पालटत गेल्या, याचा आलेख काढता येतो.

हेही पाहा

थोरले माधवराव पेशवे
रमाबाई पेशवे
स्वामी (कादंबरी)
थेऊर
गोपिकाबाई
भाऊबंदकी (नाटक)
सतीप्रथा